‘सहकारी’ म्हणजे कोण? : एका शब्दाचा अर्थ आणि उगम

(आपल्या विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काही जणांना आश्चर्य वाटले असेल. वर्षावासात धम्मावर बोलायचे सोडून एका शब्दावर काय बोलायचे? पण शब्द ही साधी गोष्ट नाही. तथागतांनी आपला उपदेश पंडितांच्या भाषेत कोंडून ठेवला नाही. लोकांनी तो आपापल्या बोलीत शिकावा, अशी त्यांनी मोकळीक दिली. म्हणून लोकांच्या तोंडचा रोजचा शब्द तपासणे हेसुद्धा धम्माचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

शब्द आहे ‘सहकारी’. आपल्यापैकी कोणी महापालिकेत आहे, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी खाजगी कंपनीत. बरोबर काम करणाऱ्या माणसाला आपण सहकारी म्हणतो. तरुण मुले ‘कलीग’ म्हणतात. निरोप समारंभात साहेब म्हणतात, “आमचे सहकारी आज निवृत्त होत आहेत.” शब्द गोड आहे. पण तो आपल्याला कधीपासून लागू झाला? आणि आज तो आपण कोणाकोणाला लावतो? या दोन प्रश्नांसाठीच आजचे हे बोलणे आहे.

आधी शब्दाची फोड करू. ‘सह’ म्हणजे बरोबर आणि ‘कारी’ म्हणजे करणारा. बरोबरीने करणारा तो सहकारी. जुन्या संस्कृत काव्यात ‘सहकार’ म्हणजे आंब्याचे झाड, तो अर्थ इथे सोडून देऊ. आपल्या मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सोबत काम करणारा माणूस, आणि दुसरा सहकारी पतसंस्था, सहकारी साखर कारखाना यातला. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर ‘सहकार’ हा शब्द गावोगाव पोहोचला.

पण या शब्दाचा एक तिसरा अर्थ आहे, आणि तो फार मोलाचा आहे. आपल्याकडच्या जुन्या तत्त्वचर्चेत ‘सहकारी कारण’ असा शब्द येतो. धर्मकीर्तीसारख्या थोर बौद्ध आचार्यांनी त्यावर बारकाईने विचार केला. म्हणजे काय तर, बी आहे. पण नुसत्या बीमधून अंकुर फुटतो का? नाही. माती पाहिजे, ओल पाहिजे, ऊब पाहिजे. ही सगळी बीची सहकारी कारणे. यातले एक जरी नसले तरी अंकुर येत नाही. बी मोठे आणि माती हलकी, असा भेद इथे चालत नाही. आपला प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो. कोणतीही गोष्ट एकट्याने घडत नाही, ती अनेकांच्या आधाराने घडते.

आता हाच अर्थ माणसाला लावून बघा. ज्याच्यावाचून काम पुरे होत नाही तो सहकारी. मग दवाखान्यात ऑपरेशन करणारा डॉक्टर आणि ती खोली धुऊन स्वच्छ करणारी मावशी हे एकमेकांचे सहकारी ठरतात. पगार वेगळा, शिक्षण वेगळे, हे खरे. पण खोली स्वच्छ नसेल तर डॉक्टरची विद्या रोग्याला वाचवू शकत नाही. शब्दाचा खरा अर्थ इतका मोठा आहे, आणि व्यवहारात मात्र तो एका टेबलावर बसणाऱ्या दोघा-चौघांपुरताच उरलेला दिसतो.

इतर भाषांतले शब्दही थोडे पाहू. ‘कलीग’ हा इंग्रजीतला शब्द मूळ लॅटिनमधला. ‘कोलेगा’ म्हणजे आपल्यासोबत एकाच कामावर नेमलेला. प्राचीन रोममध्ये दर वर्षी दोन कॉन्सल निवडत. दोघांचा अधिकार सारखा. एकाने काढलेला हुकूम दुसरा अडवू शकत असे. हे दोघे एकमेकांचे ‘कोलेगा’. म्हणजे त्या शब्दाच्या मुळाशी बरोबरीचा अधिकार आहे. याच शब्दापासून ‘कॉलेज’ हा शब्द आला. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. ज्यांना पाठशाळेच्या पायरीवर उभे करत नव्हते त्यांची मुले ‘कॉलेजात’ गेली. बरोबरीच्यांच्या मंडळात गेली, असा त्याचा मूळ अर्थ लावायला हरकत नाही.

दुसरा शब्द ‘कॉम्रेड’. कामगार वस्तीत हा शब्द कोणी ऐकला नाही? हा स्पॅनिश भाषेतून आला. ‘कामारा’ म्हणजे खोली. एका खोलीत राहणारे सैनिक ते कॉम्रेड. हिंदीतला ‘कमरा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, तोही याच कुळातला. तिसरा शब्द ‘कंपनी’. याच्या मुळाशी ‘पानिस’ म्हणजे पाव, भाकरी आहे. एका भाकरीतले खाणारे ते ‘कंपॅनियन’, आणि त्यांची झाली ‘कंपनी’.

आपल्या मराठीत तर शब्दांची रेलचेल आहे. ‘सोबती’ हा अरबी ‘सोहबत’पासून. ‘कामगार’ या शब्दात पुढचा भाग पाली-प्राकृत ‘कम्म’पासून आलेला ‘काम’, आणि मागे फारसी ‘गार’. ‘गडी’ हा खेळातला जोडीदारही आणि घरचा नोकरही. एकाच शब्दात बरोबरी आणि चाकरी दोन्ही! ‘साथी’ हा शब्द ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यावरून आला. पालीत त्याला ‘सत्थ’ म्हणतात. एका तांड्यातून वाट चालणारा तो साथी. तांड्याला वाट दाखवणारा तो ‘सत्थवाह’, आणि हे तथागतांचे एक बिरुद आहे. बोधिप्राप्तीनंतर भगवंतांना पहिले शरण गेले ते तपुस्स आणि भल्लिक, ते दोघेही वाटेवरचे व्यापारीच होते.

आणि एक शब्द ‘बिगारी’. बांधकामावर आजही सिमेंट-विटा वाहणाऱ्याला बिगारी म्हणतात. ‘बिगार’ म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. वेठबिगार गेली, मजुरी मिळू लागली, पण नाव मात्र तेच चिकटले. शब्द किती दिवस माणसाच्या मानेवर बसतो ते यावरून कळते.

आता बंधूंनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक भाकरी, एक खोली आणि बरोबरीचा अधिकार. या तीन गोष्टींवर जगातल्या लोकांनी सहकाऱ्याचे शब्द घडवले. आपल्या वाडवडिलांना यातले काय मिळाले?

गावात पूर्वी ‘इर्जिक’ होत असे. एकाची नांगरट करायला सगळे आपापली बैलजोडी घेऊन येत आणि ज्याचे शेत तो सर्वांना जेवू घाली. ‘सावड’ होती, ‘पैरा’ होता. सहकाराच्या या चांगल्या रीती होत्या, यात शंका नाही. पण त्या जेवणाच्या पंगतीत आपला माणूस कुठे होता? गावकीची कामे करायला तो पुढे, सांगावा न्यायला तो पुढे, मेलेले ढोर ओढायला तो पुढे आणि पंगत बसली की तो वाड्याबाहेर. काम सर्वांचे, भाकर मात्र लांबून टाकलेली. ही महारकीची गुलामगिरी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे बिल मांडले. ती वतने कायद्याने संपायला १९५८ हे साल उजाडले.

गाव सोडून लोक मुंबईला आले. यंत्राला जात कळत नाही, म्हणून गिरणीत तरी माणूस बरोबरीचा होईल असे वाटले होते. पण यंत्र चालवणाऱ्याला जात कळत होती! गिरणीत विणाई खात्यात पगार चांगला, पण त्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातले सूत तुटले की त्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे बाकीचे कामगार म्हणत. गिरणी एक, भोंगा एक, मालक एक, पण एक धागा दोघांच्या ओठांना चालत नव्हता. कामाच्या जागी पाण्याची भांडी वेगळी. राहायच्या चाळीही बऱ्याच ठिकाणी वेगळ्या. मग सांगा, खोली एक नाही तर कॉम्रेड कसा? भाकर एक नाही तर सोबती कसा? धागा एक नाही तर सहकारी कसा?

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. ते संपाचे शत्रू नव्हते. त्यांचे म्हणणे सरळ होते. मालकाकडून न्याय मागणाऱ्यांनी शेजारच्या कामगारालाही न्याय दिला पाहिजे. पुढे १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही. काम करणाऱ्या माणसांचीच ती वाटणी आहे, आणि तीही एकाच्या डोक्यावर एक अशी. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे, हे ध्यानात घ्या.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केले. रेल्वेत आपला माणूस गँगमनच का राहतो आणि साधा हमालसुद्धा का होत नाही, हे त्यांनी उलगडून दाखवले. हमालाकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेई, म्हणून त्या जागेवर अस्पृश्य चालत नसे! आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी पुढारी एकत्र आले. मतभेद असूनही कामगाराच्या हक्कासाठी बरोबरीने उभे राहायचे, हा धडा बाबासाहेबांनी स्वतः घालून दिला. नंतर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, हे आपल्याला माहीतच आहे.

मग बाबासाहेब धम्माकडे का वळले? कायदा माणसाला नोकरी देतो, शेजारी खुर्ची देतो. पण शेजारच्या माणसाच्या मनात जागा देणे कायद्याच्या हातात नाही. ती जागा बंधुता देते. आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले.

म्हणून आता पालीकडे वळू. आपल्या ग्रंथांत सोबत्यासाठी दोन सुंदर शब्द आहेत. एक ‘सहाय’, म्हणजे बरोबर जाणारा. दुसरा ‘अमच्च’. संस्कृतात तोच ‘अमात्य’. अमात्य म्हटले की आपल्याला शिवरायांचे अष्टप्रधान आठवतात. पण मुळात ‘अमा’ म्हणजे घरी, आणि अमात्य म्हणजे एका घरातला माणूस. पुढे जवळचा मित्र, कामातला सोबती, मग राजाचा सल्लागार असा अर्थ चढत गेला. बघा, कॉम्रेड म्हणजे एका खोलीतला आणि अमच्च म्हणजे एका घरातला! दोन टोकांचे लोक, पण विचार एकच.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात हा शब्द येतो. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत होता. तथागतांनी त्याला सांगितले की खऱ्या सहा दिशा म्हणजे आपल्या भोवतालची माणसे. उत्तर दिशा म्हणजे मित्र आणि अमच्च. त्यांच्याशी पाच प्रकारे वागावे : देत राहावे, गोड बोलावे, त्यांच्या हिताचे करावे, आपल्यासारखेच त्यांना मानावे आणि दिलेला शब्द मोडू नये. यातला चौथा शब्द ‘समानत्तता’. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी सहकाऱ्याच्या व्याख्येत समता घातलेली आहे.

खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारे. त्यांच्याबद्दल भगवंत सांगतात की शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, घरी काही विशेष गोडधोड झाले तर त्यात वाटा द्यावा आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगार कायद्याची कलमे वाचतो आहोत असे वाटते, हो की नाही? आणि याच सुत्तात खोटे मित्रही सांगितले आहेत. दारूच्या गुत्त्यापुरता मित्र तो ‘पानसखा’. पगाराच्या दिवशी खांद्यावर हात टाकणारे किती पानसखे आपल्या वस्तीने पाहिले, हे आमच्या माताभगिनींना विचारा!

मज्झिमनिकायात गोसिंगसालवनातली एक गोष्ट आहे. अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल हे तीन भिक्खू तिथे राहत होते. भगवंतांनी विचारले, तुम्ही कसे राहता? ते म्हणाले, दूध आणि पाणी मिसळावे तसे. भिक्षेहून जो आधी परत येई तो आसने मांडी, पाणी ठेवी. जो शेवटी येई तो सगळे आवरून झाडलोट करी. पाण्याचा घडा रिकामा दिसला की ज्याला दिसला तो भरी. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवी. दोघे मिळून उचलत, गाजावाजा नाही. तिथे कोणाची ड्यूटी लावलेली नव्हती. ज्याला दिसले त्याने केले. सहकारी या शब्दाचा याहून चांगला अर्थ आम्हाला कोणत्याही कोशात सापडलेला नाही.

यातले अनुरुद्ध आणि किम्बिल हे शाक्य कुळातले. प्रव्रज्या घेताना या शाक्यकुमारांनी भगवंतांना विनंती केली होती की आमच्यासोबतच्या उपाली न्हाव्याला आमच्या आधी दीक्षा द्या. म्हणजे तो ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. घड्याला हात लावायची लाज त्यांना का वाटली नाही, ते यातून कळते. आधी गर्व उतरला, मग सहकार आला.

हे सारे फक्त भिक्खूंपुरते नव्हते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघाच्या खर्चासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या संघांकडे कायम ठेव म्हणून ठेवले. एका संघाकडे २००० दरमहा शेकडा एक दराने आणि दुसऱ्याकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. त्या विणकर संघाला लेखात ‘कोलिकनिकाय’ म्हटले आहे. ‘दीघनिकाय’ मधला जो निकाय, तोच हा निकाय. सुत्तांचा समूह तोही निकाय आणि कामगारांचा समूह तोही निकाय. एके काळी याच महाराष्ट्रात विणकरांच्या शब्दावर विहाराची ठेव सुरक्षित होती, आणि त्याच महाराष्ट्रात पुढे विणाई खात्याचे दार आपल्याला बंद झाले. धम्म गेल्यावर काय जाते, ते समजण्यासाठी एवढे पुरे आहे.

आता आजचे बोलू. गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठला, त्या जागी उंच इमारती आल्या. आपली मुले शिकली, कॉम्प्युटरसमोर बसली. ‘कलीग’ झाली. पण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी गोड आवाजात आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग डबा खायची जागा बदलते. अशा वेळी मुलांनो, मान खाली घालू नका आणि हातघाईवरही येऊ नका. आपले काम चोख ठेवा, आपले नाव स्पष्ट सांगा, आणि अन्याय झाला तर लेखी तक्रार करा. तुम्ही एकटे नाही.

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागत नाही. एकाच खात्यात आज कायम आणि कंत्राटी अशी नवी भिंत उभी आहे. काम तेच, झाडू तोच, पण एकाला आजारपणाची रजा आहे आणि दुसऱ्याचा खाडा पडतो. गटार साफ करताना गुदमरून माणसे मरतात, ती बहुतेक आपल्याच समाजाची असतात. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले, तरी हे मरण थांबलेले नाही. कायम नोकरी असलेल्या आपल्या माणसाने त्या कंत्राटी माणसाला सहकारी मानले, त्याच्यासाठी युनियनमध्ये तोंड उघडले, तर बाबासाहेबांचा १९२८ चा प्रश्न आपण विसरलो नाही असे होईल. नाहीतर काल जो धागा आपल्या ओठांना नाकारला तोच आज आपण दुसऱ्याला नाकारू.

वस्तीतल्या भगिनी चार घरची धुणीभांडी करतात. संध्याकाळी आपल्या घरी तेच काम पुन्हा. घरातल्या पुरुषाने रिकामा हंडा पाहिला तर तो भरावा, गोसिंगवनाची आठवण ठेवून. विहाराच्या कार्यक्रमात स्टेजवर कमिटी आणि मागे स्वयंपाकात महिला मंडळ, हेही बदलायला पाहिजे. खीर वाढणारी बाई आणि भाषण करणारा वक्ता हे दोघे या कार्यक्रमाचे सहकारी आहेत. बी आणि माती! पोटजातीवरून सोयरीक अडवणाऱ्यांनीही हा शब्द एकदा मनात घोळवावा.

वर्धापनदिनाच्या निमित्ताने कमिटीला आमची एक साधी सूचना आहे. विहाराची झाडलोट, पाणी, आसने मांडणे यासाठी पगारी माणसावर सगळे सोडू नये. दर रविवारी वंदनेच्या आधी जो पहिला येईल त्याने आसने मांडावी आणि जो शेवटी जाईल त्याने आवरावे, मग तो अधिकारी असो वा बिगारी. आणि ‘बिगारी’ हा शब्द निदान या विहाराच्या आवारात कोणी उच्चारू नये. त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी, नाहीतर ‘साथी’ म्हणावे. तो आपल्याच तांड्यातला आहे.

आनंद एकदा भगवंतांना म्हणाले की चांगला मित्र मिळणे म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन. भगवंतांनी त्यांना सुधारले. अर्धे नव्हे, कल्याणमित्र हेच संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे. कामावरचा सोबती हा दिवसातले आठ तास आपल्यासोबत असतो. त्याला कल्याणमित्र करता आले तर धम्म विहारातून कामाच्या जागी पोहोचेल, आणि आपण तसे झालो तर त्यालाही तो आपल्याकडून मिळेल.



भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय! जय भीम!